जनुक-परिवर्तित मासे : भीती कशाची आणि दक्षता कोठे?

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की आपल्या घरांतील शुक्रवारचे जेवण बदलते. मांस वर्ज्य केले जाते आणि त्या जागी मासळी येते. कर्जत आणि खालापूर हे तालुके रायगड जिल्ह्यात असले, तरी समुद्र त्यांच्यापासून दूर आहे. तेथील बाजारात समुद्राच्या मासळीबरोबरच रोहू, कटला, चिलापी, मांगूर असे तळ्यातले मासेही मोठ्या प्रमाणावर येतात. अशाच एका शुक्रवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात एका भगिनीने आम्हाला विचारले, "फादर, हे तळ्यातले मासे म्हणे प्रयोगशाळेत बनवतात. ते खाल्लेले चालतात का?" तिच्या मोबाइलवर तसा संदेश आला होता.

शेजारी उभे असलेले एक शेतकरी बांधव हे ऐकत होते. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. नदीकाठची त्यांची जमीन एक व्यापारी भाड्याने मागत होता. तेथे तळी खणून मांगूर पाळायचे होते. भातातून वर्षाकाठी जे सुटते त्याहून भाडे अधिक होते. "देऊ का जमीन?" असे त्यांनी विचारले.

त्या दिवशी आम्ही दोघांनाही नीट उत्तर देऊ शकलो नाही. त्यानंतर आम्ही या विषयावर जे वाचले, जाणकारांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहोत. वरवर पाहता हे दोन प्रश्न एकमेकांपासून दूर आहेत. पहिला प्रश्न आपल्या बाजारात अद्याप न आलेल्या माशाविषयी आहे, तर दुसरा आपल्या दाराशी येऊन ठेपलेल्या माशाविषयी. परंतु दोन्ही मासे तपासायची कसोटी एकच आहे, आणि ती समजली की भीती कशाची बाळगावी व दक्षता कोठे घ्यावी हे आपोआप उमगते.

शब्दांचा गोंधळ

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. कर्जतच्या शेतकऱ्याला हे समजावणे सोपे आहे, कारण त्याच्या गावाचे नाव घेऊनच भाताची वाणे कोकणभर पोहोचली आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र कर्जतला आहे. तेथून 'कर्जत-३', 'कर्जत-७' यांसारखी वाणे बाहेर पडली. चांगल्या रोपांची पिढ्यान्‌पिढ्या निवड करणे, दोन वाणांचा संकर घडवून त्यातून हवे ते गुण वेचणे, ही त्यामागची रीत आहे. या रीतीत भाताचे भातच राहते.

माशांमध्येही असेच घडले आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या साहाय्याने केवळ निवड पद्धतीने 'जयंती रोहू' विकसित केला. भारतीय स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, त्याचे नामकरण झाले. तळ्यांतून वाढवली जाणारी 'गिफ्ट' नावाची चिलापी हीसुद्धा १९८८ पासून फिलिपाइन्समध्ये केलेल्या निवडीचेच फळ आहे. मोबाइलवरील संदेशांत तिला सर्रास 'जनुकीय बदल केलेला मासा' म्हटले जाते, ते चुकीचे आहे.

दुसरा प्रकार म्हणजे दोन निरनिराळ्या जातींचा संकर. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर जन्मते, तसाच हा प्रकार होय. फरक इतकाच की खेचर सहसा वांझ असते, माशांचे संकर मात्र पुष्कळदा वांझ नसतात. हा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने जनुक-परिवर्तित मासा. यात एका जीवाचे जनुक प्रयोगशाळेत वेगळे काढून दुसऱ्या जीवाच्या अंड्यात घालतात. ज्याचे मीलन निसर्गात कधीच होऊ शकले नसते, अशा जीवाचा गुणही यामुळे माशात उतरू शकतो. शेतीत याचे परिचित उदाहरण म्हणजे २००२ मध्ये भारतात परवानगी मिळालेला बीटी कापूस. चौथा प्रकार अगदी अलीकडचा आहे. त्यात बाहेरचे जनुक घालत नाहीत. माशाच्या स्वतःच्याच जनुकात कात्री लावावी तशी नेमकी दुरुस्ती करतात. २०२१ मध्ये जपानमध्ये असे दोन प्रकारचे मासे विक्रीस आले.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर सरळ देता येते. भारतात कोणताही जनुक-परिवर्तित मासा पाळण्यास वा खाण्यासाठी विकण्यास परवानगी देण्यात आलेली नाही. मदुराई कामराज विद्यापीठात जनुक-परिवर्तित रोहूवर संशोधन झाले आणि तो साध्या रोहूपेक्षा कितीतरी वेगाने वाढत असल्याचे २००४ मध्ये प्रसिद्धही झाले. परंतु तो मासा शेतकऱ्यांच्या तळ्यात आला नाही. असा जीव प्रयोगशाळेबाहेर काढायचा झाल्यास पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनुसार केंद्रीय समितीची मंजुरी लागते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानेही परवानगीवाचून असे अन्न विकण्यास मनाई केली आहे. तेव्हा शुक्रवारच्या कालवणातील रोहूला घाबरण्याचे कारण नाही.

वेगाने वाढणाऱ्या साल्मनची कथा

तरीही जगात असा मासा निघाला आहे आणि त्याची कथा आपण जाणून घेतली पाहिजे. थंड समुद्रात राहणारा अटलांटिक साल्मन हा पाश्चात्त्य देशांतील आवडीचा मासा. १९८९ मध्ये कॅनडातील न्यूफाउंडलंड येथील शास्त्रज्ञांनी त्याच्या अंड्यात चिनूक जातीच्या दुसऱ्या एका साल्मनचे वाढीचे जनुक घातले. त्या जनुकाला चालू-बंद करणारी कळ मात्र बर्फाळ पाण्यात राहणाऱ्या तिसऱ्याच एका माशाकडून घेतली. साल्मनची वाढ थंडीत मंदावते. ही कळ बसवल्यावर त्याच्या शरीरात वाढीचा रस वर्षभर तयार होत राहिला. जो मासा विक्रीयोग्य होण्यास सुमारे तीन वर्षे लागत, तो दीड वर्षात तयार होऊ लागला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पुष्कळ वर्षांच्या तपासणीनंतर नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यास मान्यता दिली. खाण्यासाठी मान्य झालेला हा जगातील पहिला जनुक-परिवर्तित प्राणी होय. २०१७ मध्ये तो कॅनडाच्या बाजारात गेला आणि २०२१ मध्ये अमेरिकेत विकला जाऊ लागला. परंतु ग्राहकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. अनेक दुकानदारांनी तो ठेवणार नाही असे आधीच जाहीर केले होते. मत्स्यपालनाचा खर्चही झेपेना. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये 'अ‍ॅक्वाबाउंटी' या कंपनीने आपले मत्स्यपालन थांबवत असल्याचे जाहीर केले.

खाणाऱ्याची सुरक्षितता

अशा माशाविषयी दोन तऱ्हेच्या शंका घेतल्या जातात, आणि त्या वेगवेगळ्या तपासणे श्रेयस्कर.

पहिली शंका खाणाऱ्याच्या प्रकृतीची. नवे जनुक शरीरात नवे प्रथिन तयार करते. ते प्रथिन एखाद्याला सोसले नाही तर अंगावर पित्त उठणे, श्वास कोंडणे असे त्रास होऊ शकतात. माशांची अ‍ॅलर्जी असणारे लोक आपल्यातही आहेत. म्हणून प्रत्येक नव्या माशाची ही तपासणी स्वतंत्रपणे झाली पाहिजे. एक सुरक्षित ठरला म्हणून सगळे सुरक्षित, असे म्हणता येत नाही. साल्मनच्या बाबतीत ती झाली आणि तो साध्या साल्मनइतकाच खाण्यास सुरक्षित आहे असा निष्कर्ष अमेरिकी प्रशासनाने काढला. जनुक खाल्ल्याने खाणाऱ्याची जनुके बदलत नाहीत. आपण रोज भात, भाजी, मासळी यांतून असंख्य जनुके खातो आणि पचवतो.

येथे एक गोष्ट राहते, ती म्हणजे ग्राहकाचा हक्क. आपण काय खात आहोत हे कळणे हा माणसाच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. वेष्टनावर तसे छापणे अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचे झाले. आपल्याकडील मासळी वेष्टनात येत नाही, पाटीत येते. तिथे छापील चिठ्ठी कोठून असणार? तेथे विक्रेतीचा शब्द हीच चिठ्ठी. म्हणून विचारण्याची सवय आपणच लावून घ्यावी लागते.

पाण्याची सुरक्षितता

दुसरी शंका पाण्याची, आणि आमच्या मते तीच अधिक गंभीर आहे. गाय गोठ्यातून सुटली तर शोधून आणता येते. मासा तळ्यातून सुटला तर त्याला परत कोण आणणार?

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये एक गणित मांडले. समजा, वेगाने वाढणारा मासा आकाराने मोठा असल्यामुळे त्याला जोडीदार सहज मिळतो. परंतु त्याची पिल्ले मात्र अशक्त निपजतात. असे झाले तर काय होईल? मोठ्या माशांमुळे नवे जनुक झपाट्याने पसरेल आणि अशक्त संततीमुळे पिढ्यान्‌पिढ्या संख्या घटत जाईल. साठ हजार रानमाशांत असे केवळ साठ मासे मिसळले, तरी चाळीस पिढ्यांत ती सारी वस्ती नामशेष होऊ शकते, असा त्यांचा हिशेब होता. ग्रीकांनी लाकडी घोड्यात सैनिक लपवून ट्रॉय नगरीत घुसवले, त्या कथेवरून त्यास 'ट्रोजन जनुक' म्हणतात. हा हिशेब संगणकावरचा आहे; नदीत असे घडलेले कोणी पाहिलेले नाही. तरी सुटका होऊ देण्यापूर्वी शंभरदा विचार करावा, इतके त्याने शिकवले.

साल्मन पाळणाऱ्यांनी यावर उपाय केले होते. सर्व मासे माद्याच ठेवल्या, अंड्यांवर दाब देऊन त्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच निर्माण केले, म्हणजे त्या वांझ व्हाव्यात, आणि समुद्रात जाळी न लावता जमिनीवरच्या टाक्यांत त्यांना वाढवले. तरीही वांझपणाची अट किमान ९५ टक्क्यांचीच होती. मासे सुटले तर काय होईल याचा पुरेसा विचार सरकारी यंत्रणेने केला नाही, असा निर्णय कॅलिफोर्नियातील न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये दिला.

सुटका होते, याचा पुरावा मात्र दुसऱ्याच एका माशाने दिला. गंगेच्या खोऱ्यात आढळणारा अंगावर पट्टे असलेला चिमुकला झेब्रा मासा आपल्या देशाचा. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी १९९९ च्या सुमारास त्याच्यात जेलीफिशचे चमकणारे जनुक घातले. पुढे असे हिरवे-लाल चमकणारे मासे अमेरिकेत शोभेसाठी विकले जाऊ लागले. ब्राझीलमध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आहे. तरीही तेथील शोभेच्या माशांच्या तळ्यांतून ते सुटले आणि लगतच्या ओढ्यांत पिल्ले देत असल्याचे २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले. बंदीचा कागद माशाला वाचता येत नाही.

आपल्या दारातला मांगूर

आता त्या शेतकरी बांधवांच्या प्रश्नाकडे येऊ. ज्या मांगूर माशासाठी त्यांची जमीन मागितली जात होती तो आपला देशी मांगूर नव्हे. तो आफ्रिकन मांगूर किंवा त्याचा थायलंडमार्गे आलेला संकर. आफ्रिकेच्या नद्यांत आणि पश्चिम आशियात त्याचे मूळ घर आहे. थायलंडमध्ये त्याचा तेथील मांगूर जातीशी संकर केला गेला, कारण आफ्रिकन मासा वेगाने वाढतो आणि तेथील मासा चवीला चांगला. १९९० च्या आसपास तो बांगलादेशातून कोणत्याही परवानगीविना भारतात शिरला आणि 'थाय मांगूर' या नावाने देशभर पसरला.

पाळणाऱ्याला हा मासा सोयीचा वाटतो. कल्ल्यांजवळच्या एका खास इंद्रियाने तो हवेतून थेट श्वास घेतो, म्हणून गढूळ, कुजक्या, प्राणवायू नसलेल्या पाण्यातही दाटीवाटीने जगतो. काही महिन्यांत किलोभर वजनाचा होतो. काहीही खातो. म्हणून मुंबई-ठाणे परिसरातील कोंबड्यांच्या दुकानांतील आतडी, पिसे आणि कत्तलखान्यांतील टाकाऊ भाग त्याला फुकटच्या भावात घातले जातात. मुंबईची बाजारपेठ जवळ असल्यामुळे विक्रीची चिंता नाही. आणि पाणी? कर्जत-खालापूरला तेही बारमाही लाभले आहे. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेले पाणी पेज नदीतून उल्हासला मिळते आणि खोपोली केंद्राचे पाणी पाताळगंगेला. उन्हाळ्यात महाराष्ट्रातील बहुतेक नद्या आटतात, तेव्हाही या दोन नद्या वाहत असतात. देवाचे दान आणि माणसाचे श्रम यांतून आलेले हे पाणी या धंद्याच्या नजरेत भरले नसते तरच नवल.

केंद्र सरकारने २००० मध्ये या माशाच्या पालनावर बंदी घातली. ती कागदावरच राहिली, म्हणून प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. जानेवारी २०१९ मध्ये न्यायाधिकरणाने कारवाईचा आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागाने राज्यभरातील बेकायदा तळी शोधून २०२० च्या सुरुवातीपर्यंत ३२ टन मांगूर नष्ट केला. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतही अशी तळी आढळली, ग्रामस्थांनी दुर्गंधीच्या तक्रारी केल्या आणि कारवाई झाली. परंतु तळे बुजवले की पलीकडच्या शिवारात दुसरे खणले जाते, असाही अनुभव येतो.

यात नेमके वाईट काय, असे कोणी विचारील. मोबाइलवरील संदेश म्हणतात की हा मासा खाल्ल्याने कर्करोग होतो. असा काही विष माशाच्या जातीतच आहे, असे सिद्ध झालेले नाही. नायजेरियासारख्या देशांत तो स्वच्छ तळ्यांत पाळतात आणि लाखो लोक आवडीने खातात. दोष आहे तो त्याला वाढवण्याच्या रीतीत. सडलेल्या टाकाऊ मांसावर आणि दूषित पाण्यावर वाढलेल्या कोणत्याही माशात रोगजंतू व जड धातू साठण्याचा धोका असतो. सुरक्षिततेचा प्रश्न येथे जनुकापेक्षा खाद्याचा आणि पाण्याचा आहे. त्या तळ्यांतील काळे पाणी ओढ्यात सोडले जाते, ओढा नदीला मिळतो. उल्हास पुढे बदलापूर, उल्हासनगर, कल्याणमार्गे वसईच्या खाडीत जाते. पाताळगंगा धरमतरच्या खाडीत. कर्जतचे पाप वसईपर्यंत वाहत जाते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पर्यावरणाचा धोका त्याहून मोठा. मांगूर हा खादाड शिकारी मासा. नदीत सुटल्यावर तो लहान मासे, त्यांची अंडी, बेडूक, चिंबोऱ्या सर्व काही खातो. ओल्या जमिनीवरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो. आणि येथेच संकराचा तो फरक आठवावा. थायलंडमध्ये संकरित मांगूर सुटल्यानंतर तेथील रानटी मांगूर माशांत आफ्रिकन जनुके शिरल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. आपला देशी मांगूर तर आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आधीच संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. साल्मनविषयी जी भीती जगाने दूरच्या भविष्यासाठी व्यक्त केली, ती प्रयोगशाळेची पायरीही न चढता आपल्या शेजारी खरी होऊ शकते.

तळे सुटणार नाही, भक्कम बांध घालू, असे धंदेवाले सांगतात. त्यांना २७ जुलै २०१९ ची आठवण करून द्यावी. त्या दिवशी उल्हासला आलेल्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावे लागले. ज्या पाण्याने आगगाडी अडवली, त्या पाण्यापुढे तळ्याचा मातीचा बांध तो किती टिकणार?

लोणावळ्याचा धडा

वाचकांना वाटेल की धोका परदेशी माशाचाच असतो. तसे नाही. खोपोलीहून बोरघाट चढला की लोणावळा. तेथे टाटा कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून आपल्या सह्याद्रीच्या महसीर माशाची पिल्ले तयार होत आहेत. दुर्मिळ होत चाललेला हा देखणा मासा वाचावा, हा हेतू निखळ होता आणि महाराष्ट्रातील त्या कार्याचे कौतुकही झाले. त्याच हेतूने त्याची बोटुकली अन्य राज्यांतील नद्यांतही सोडली गेली. कावेरी नदीत मात्र पाठीवर कुबड असलेला दुसरा एक प्रचंड महसीर राहत होता. आपल्या महसीरने तेथे असा जम बसवला की कावेरीचा मूळ महसीर हटत गेला. २०१८ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी झाली. त्याला शास्त्रीय नाव निश्चित होण्यासही तेच वर्ष उजाडावे लागले.

यात प्रयोगशाळेतील जनुक नव्हते, परदेश नव्हता, लोभही नव्हता. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत पुरेशा विचाराविना सोडला, इतकेच. चांगल्या हेतूने केलेले काम असे उलटू शकते, तर केवळ नफ्यासाठी केलेल्याविषयी काय बोलावे?

गालील सरोवर आणि उल्हास नदी

पवित्र शास्त्राच्या वाचकांना एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जो आफ्रिकन मांगूर आपण उल्हासमध्ये नको म्हणतो, तोच मासा गालील सरोवरात आजही राहतो. त्याला खवले नाहीत, म्हणून लेवीयच्या नियमानुसार यहुदी लोक तो खात नसत. मत्तयच्या शुभवर्तमानातील जाळ्याच्या दाखल्यात कोळी चांगले मासे भांड्यात भरतात आणि वाईट टाकून देतात. त्या टाकलेल्या माशांत हा असावा, असे काही अभ्यासक मानतात. चिलापीचा भाऊबंदही त्याच सरोवरातला. त्याला तर 'संत पेत्राचा मासा' म्हणतात.

म्हणजे मासा मुळात दुष्ट नाही. गालील सरोवरात त्याला निर्माणकर्त्याने घर दिले आहे आणि तेथे तो शोभतो. दुसऱ्याच्या घरात आपण त्याला घुसवतो, तेव्हा चूक माशाची नसते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात जनुकीय बदलांचा विषय हाताळला आहे. त्यांनी सरसकट शाप दिला नाही आणि सरसकट आशीर्वादही दिला नाही. अशा बदलांविषयी एकच निवाडा सर्वत्र लागू करणे अवघड आहे, प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासावे, चर्चेत शेतकरी, ग्राहक, शास्त्रज्ञ, शेजारची वस्ती अशा सर्वांना स्थान असावे, आणि लाभ मूठभरांकडे जाऊन लहान उत्पादक देशोधडीला लागत नाहीत ना हे पाहावे, असा त्यांच्या शिकवणुकीचा आशय आहे.

हा शेवटचा मुद्दा कर्जत-खालापूरला तंतोतंत लागू पडतो. पहिल्या पावसात ओढे फुगतात आणि नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध शेतांकडे चढू लागतात. त्यांना आपण वलगणीचे मासे म्हणतो. त्या दिवसांत कातकरी आणि ठाकर बांधव पाग, झोळणे, बांबूचे सापळे घेऊन रात्रभर ओढ्यावर असतात. ज्यांना शेत नाही, शेततळे नाही, त्यांच्या मुलांच्या ताटात वर्षातून काही दिवस पोटभर मासे पडतात ते या वलगणीमुळे. त्यासाठी कोणाला भाडे द्यावे लागत नाही, परवाना काढावा लागत नाही. मळ्या, शिंगटी, वाम, मरळ हे त्यांचे सावकारीविना मिळालेले धन. नदीत मांगूर भरला आणि पाणी सडले, तर हे धन प्रथम जाईल. तळ्याचा मालक दुसरे तळे खणील. कातकऱ्याला दुसरी नदी कोण खणून देणार?

आपण काय करावे?

कोणताही नवा मासा दारात आला, मग तो प्रयोगशाळेतला असो, परदेशी असो, वा शेजारच्या नदीतला, त्याला चार प्रश्न विचारावेत. तो काय खाऊन आणि कोणत्या पाण्यात वाढला? तो सुटला तर जगेल का? सुटून आपल्या माशांशी मिसळेल किंवा त्यांना खाईल का? आणि नुकसान झाले तर ते कोण सोसणार, भरून कोण देणार? या चार प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाली तर नुसत्या 'जनुक' या शब्दाला भिण्याचे कारण नाही. ती मिळाली नाहीत तर 'निसर्गसिद्ध' या शब्दावर विसंबण्यातही अर्थ नाही.

बाजारात टबात जिवंत, वर्षभर स्वस्त मिळणारा किलोभराचा मांगूर दिसला, तर तो बहुधा आफ्रिकन वा संकरितच असतो. तो घेऊ नये आणि का घेत नाही हे विक्रेत्याला सौजन्याने सांगावे. विक्री करणारी भगिनी गरीब असते. तिच्यावर ओरडून काही साधत नाही.

घरातील काचपेटीतले शोभेचे मासे कंटाळा आला म्हणून नदी-तळ्यात सोडू नयेत. काच साफ करणारा सकर मासा असाच सुटून उजनीसारख्या जलाशयांत माजला आहे. दयेपोटी केलेली ही कृती नदीवर अन्याय करते, हे मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात समजावून सांगता येईल.

संशयास्पद तळे दिसल्यास ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला लेखी कळवावे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे आणि गावातील जीवजातींची लोकजैवविविधता नोंदवही तिने ठेवायची असते. आपल्या धर्मग्रामातील शिक्षक, तरुण आणि आदिवासी वडीलधारे यांनी मिळून नदीतील माशांची नावे त्या नोंदवहीत लिहवून घेतली, तर ते मोठे काम होईल. आज काय आहे हेच लिहिलेले नसेल, तर उद्या काय हरवले ते कसे कळणार?

ज्यांना मत्स्यपालन करायचे आहे त्यांनी अवश्य करावे. रोहू, कटला, मृगळ यांचे प्रमाणित बीज मिळते, शासनाच्या योजनाही आहेत. नफा मांगूरइतका झटपट नसेल, परंतु रात्री झोप लागेल.

त्या शेतकरी बांधवांना आम्ही पुन्हा भेटलो आणि हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "फादर, भाडे तर गेले. आता मुलीच्या शिक्षणाचे बघावे लागेल." त्यांनी जमीन दिली नाही. त्यांच्या या वाक्याने आम्ही अंतर्मुख झालो. नदी वाचवण्याची किंमत एकट्या गरीब शेतकऱ्याने मोजावी, हे न्यायाचे नव्हे. म्हणून धर्मग्रामाच्या सभेत हा विषय ठेवून, अशा दोन-चार कुटुंबांनी एकत्र येऊन साध्या शेततळ्यात रोहू-कटला पाळावा, त्यांना बीजासाठी व माहितीसाठी साहाय्य मिळवून द्यावे आणि तयार झालेली मासळी प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी आपणच विकत घ्यावी, असा प्रस्ताव आम्ही मांडत आहोत. वाचकांपैकी ज्यांना या कामाची माहिती वा अनुभव आहे, त्यांनी आपल्या धर्मगुरूंना अवश्य भेटावे.

त्या भगिनीलाही उत्तर द्यायचे आहेच. ताई, रोहूचे कालवण खुशाल करा. मात्र मासा घेताना तो कोणत्या पाण्यातला, एवढे विचारल्याशिवाय पिशवी उघडू नका.